सुरुवातीचा पार्किन्सन्स : घरातल्या रोजच्या कामांचं काय करता?

इंदिरानगरची_सून

नमस्कार मंडळी. सासूबाईंना (वय ६३, निवृत्त प्राथमिक शिक्षिका) नुकतंच पार्किन्सन्सचं निदान झालंय. उजवी बाजू, अगदी सुरुवात. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, रोज चाला म्हणाले, तोवर पुढचा पेशंट आत आला होता. वाचायचं तेवढं वाचून झालंय. कंप, ताठरपणा, मंद हालचाली हे तीन शब्द घरात सगळ्यांना पाठ आहेत. पण आमच्या घरातले प्रश्न त्या तीन शब्दांत बसत नाहीत.

आईंची पोळी एका बाजूला जाड राहते. निऱ्या हातातून निसटतात. ब्लाउजचा हुक लागत नाही, पण 'लावून दे' असं त्या म्हणायच्या नाहीत. साडी नेसायचंच टाळतात आणि दिवसभर गाऊनवर बसतात. ज्यांचं फळ्यावरचं अक्षर बघायला दुसऱ्या वर्गातल्या बाई यायच्या, त्यांची वाणसामानाची यादी आता पहिल्या ओळीला ठीक असते आणि खाली येईतो बारीक होत होत वाचता येईनाशी होते.

खरी भानगड पुढे आहे. आमचे हे आणि दीर म्हणतात, आईने आता काही करायचं नाही, पोळ्यांना बाई लावू. त्यावरून आई रुसल्यात. मला वाटतं करू द्यावं, पण तेलाची आणि गॅसची भीती मलाही आहेच. तर ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी सांगा : सुरुवातीला नेमकं काय काय अडतं, त्यावर तुम्ही काय सोय केली, आणि कोणतं काम खरंच बंद करायला हवं?

गोदाकाठचा_वारा

वडिलांना आहे. लिहिण्यासारखं खूप आहे. रात्री निवांत लिहितो.

ओझर_निवृत्त

ताई, मी स्वतः पेशंट. एचएएलमध्ये (विमानांचा कारखाना) ओझरला आयुष्य गेलं, मोजमापाच्या खात्यात. डावी बाजू आहे, त्यामुळे लोकांना वाटतं, 'बरं झालं, उजवा हात वाचला.' डावा हात दिवसभरात किती कामं करतो ते तो संपावर गेल्याशिवाय कळत नाही.

शर्टाचं बटण उजव्या हाताने लावतो असं आपल्याला वाटतं, पण काजं धरून ठेवतो डावा. घड्याळाचा पट्टा तसाच. मागच्या खिशातलं पाकीट, बाहीत हात घालणं, टूथपेस्टचं झाकण, पिशवीची गाठ. केसाला शॅम्पू लावताना उजवा हात चोळत असतो आणि डावा नुसता डोक्यावर ठेवलेला. बायकोने पहिल्यांदा काय पाहिलं? चालताना माझा डावा हात हलत नाही. त्याच्या आधी डाव्या पायाची चप्पल निसटायची आणि तिचा तळ लवकर झिजायचा. मी चपलांना दोष देत होतो.

हाताला कंप म्हणाल तर मला तो फार नाहीच. आणि खांद्याच्या दुखण्यावर बराच काळ शेक आणि व्यायाम चालले होते, 'फ्रोजन शोल्डर' म्हणून. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं असं नंतर कळलं.

सोयी : बटणांच्या आत वेल्क्रो शिवून घेतलं, बटण बाहेरून दिसतं तसंच. अंगठ्याची चप्पल बंद, मागे पट्टा असलेली सॅन्डल. लिहायला रेघांची वही, जाड पेन, आणि प्रत्येक शब्दाआधी मनात 'मोठं' म्हणायचं. गंमत वाटेल, पण म्हटलं की अक्षर मोठं येतं, विसरलो की पुन्हा बारीक.

बंद काय केलं? स्टूलवर चढणं. टाकीचा व्हॉल्व्ह मुलगा बघतो. बाकी सगळं करतो. वेळ लागतो, लागू द्यायचा.

चिवडा_प्रेमी

काका, सहीचं काय करता? माझी तर निरोगी असूनही बँकेत जुळत नाही.

ओझर_निवृत्त

चेक परत आला होता एकदा, सही जुळेना म्हणून. मग बँकेत अर्ज देऊन नमुना सही बदलून घेतली. नवी सही सुटसुटीत ठेवली, जुन्या वेलांट्या काढून टाकल्या. हे लवकर करून घ्या ताई. पेन्शनचं खातं असेल तर आत्ताच.

फिजिओ_कॉलेजरोड

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. थोडं 'का' होतं ते सांगते, म्हणजे सोयी सुचतील.

मेंदूच्या खोलवर 'सबस्टॅन्शिया नायग्रा' नावाचा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन, तयार करतात. त्या कमी होत जातात, आणि बाहेर काही दिसायला लागतं तेव्हा त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. यात आधी मार बसतो तो सवयीच्या, आपोआप होणाऱ्या हालचालींना. चालताना हात हलणं, पापणी लवणं, चेहऱ्यावर हसू उमटणं, लिहिताना अक्षराचा आकार टिकणं. ताकद गेलेली नसते, म्हणून लोकांना आळस वाटतो. लक्ष देऊन केली की तीच हालचाल जमते. ओझरच्या काकांचं 'मोठं' म्हणणं म्हणजे तेच.

दुसरं, एका वेळी दोन कामं जमत नाहीत. चालता चालता फोन, पोळी लाटता लाटता गप्पा. त्यातलं एक काम बिघडतं. आई पोळी लाटत असताना त्यांना काही विचारू नका, एवढंच करून बघा.

पोळीबद्दल : कणीक मळणं हा उत्तम व्यायाम आहे, तो काढून घेऊ नका. पोळपाट घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं, पाय थोडे फाकवून उभं राहायचं आणि लाटणं मुद्दाम लांबवर न्यायचं. लहान लहान हात चालतात म्हणून ती कडा जाड राहते. भाजायचं काम दुसऱ्याने करावं. एकदम पंधरा पोळ्या नकोत, चार लाटा, बसा.

निऱ्यांना : आधी पलंगावर साडी पसरून निऱ्या घालायच्या, चिमटा लावायचा, मग खोचायच्या. ब्लाउजला पुढून हुक आणि तेही मोठे, नाहीतर चेन.

इंदिरानगरची_सून

पुढून हुक! इतकं साधं सुचलं नव्हतं. शिंपिणीकडे आजच जाते.

निफाडचा_बागायतदार

आमचे दादा (वडील) द्राक्षवाले. ऑक्टोबर छाटणीला कात्री हातात घेतली की मजुरांच्या पुढे असायचे. एका हंगामात बाया पुढे निघून गेल्या आणि दादा ओळीत मागे. आम्हाला वाटलं वय झालं. मणी विरळणी तर फार नाजूक काम, घडातले नको ते मणी बारीक कात्रीने काढायचे. दादांच्या हातून चांगलेच मणी गळायला लागले. कात्री उघडायची-मिटायची हालचाल दहा वेळा केली की पुढे पुढे लहान होत जायची. न्यूरॉलॉजिस्टने पण बोटांची तीच परीक्षा घेतली. अंगठा आणि तर्जनी टिचकीसारखी उघड-मीट करायला लावली. डॉक्टरला दहा सेकंदांत कळलं, बागेला ते आधीच कळलं होतं.

आता स्प्रिंगची कात्री दिलीय, आपोआप उघडते. नाजूक काम नाही, फक्त जाड काड्या. संध्याकाळी मोटर चालू-बंद करायची जबाबदारीही त्यांचीच ठेवलीय, त्यानिमित्ताने बांधावरून चालणं होतं.

एक प्रश्न : फवारणीमुळे होतो का हा आजार? आयुष्यभर दादा बिना मास्क फवारत आले. गावात यावर रोज चर्चा असते.

फिजिओ_कॉलेजरोड

कीटकनाशकं आणि तणनाशकं हाताळणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त दिसतो असं अनेक अभ्यासांत आलंय. पॅराक्वाट या तणनाशकाचं नाव त्यात वारंवार येतं. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे अजून वापरलं जातं. पण दादांना त्यामुळेच झाला असं एका माणसाबद्दल कुणी सांगू शकत नाही. कधी फवारणी न केलेल्यांनाही होतोच. मास्क आणि हातमोजे मात्र आजपासून घाला, निदान तुमच्या पिढीसाठी.

मेनरोड_केमिस्ट

मी औषध दुकानदार, डॉक्टर नाही. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. पार्किन्सन्ससारखीच लक्षणं काही औषधांनी येतात. पित्ताच्या काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. लोक एक चिठ्ठी घेऊन वर्षानुवर्षं तीच कॅप्सूल मागत राहतात. उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरच्या सिनारिझीन आणि फ्लुनारिझीन, मानसिक आजारावरची काही औषधं, या सगळ्यांनी हात थरथरतात, चाल मंदावते. अशा वेळी औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवलं की बहुतेकांचं सावरतं, पण महिनोन्महिने लागू शकतात. घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पित्ताची गोळी 'किरकोळ' म्हणून कुणी सांगतच नाही.

इंदिरानगरची_सून

धन्यवाद. डॉक्टरांनी हे विचारलं होतं. आईंना फक्त बीपीची आणि थायरॉइडची गोळी आहे. एमआरआयही नॉर्मल आला. त्यावर दीर म्हणाले, नॉर्मल आहे तर मग आजार कसला?

मेनरोड_केमिस्ट

एमआरआय इतर कारणं वगळण्यासाठी असतो. पार्किन्सन्समध्ये तो बहुधा नॉर्मलच येतो. निदान मुख्यतः तपासून, चालवून, लिहायला लावूनच होतं.

जुना_पंचवटीकर

अवांतर वाटेल, पण आमच्या काकूंच्या बाबतीत हातापायांच्या कितीतरी वर्षं आधी नाक गेलं होतं. फोडणी करपली तरी कळायचं नाही. हिंग जास्त पडायचा. आम्ही म्हणायचो, सर्दी मुरली. रात्री काका खाटेच्या कडेला झोपायचे, कारण काकू झोपेत ओरडायच्या, लाथा मारायच्या, एकदा भिंतीवर हात आपटून घेतला. सकाळी विचारलं तर म्हणायच्या, स्वप्नात कुत्रं मागे लागलं होतं. पोट साफ न होणं तर वेगळंच. हे सगळं याच आजाराच्या आधी येऊ शकतं हे निदानानंतर कळलं.

म्हणून ताई, गॅसच्या बाबतीत मुद्दा हाताचा नाही, नाकाचा आहे. आईंना वास येतो का ते आधी बघा. नसेल येत तर गॅस गळतीचा अलार्म मिळतो, तो बसवा.

काकू माळ ओढायच्या. माळ खाली ठेवली तरी अंगठा आणि बोट तसंच फिरत राहायचं. रामकुंडावर येणाऱ्या बायका म्हणायच्या, काकूंचा अखंड जप चालतो. पुण्य फुकटात!

चिवडा_प्रेमी

हाहा, काकूंना साष्टांग नमस्कार.

पण माझाही हात थरथरतो. चहाचा कप धरला की बशीत वाजतो. आता रात्रभर झोप नाही येणार मला या धाग्यामुळे.

फिजिओ_कॉलेजरोड

कप धरल्यावर थरथरतो की हात मांडीवर स्वस्थ ठेवल्यावर? पार्किन्सन्सचा कंप सहसा हात स्वस्थ असताना येतो आणि काही करायला घेतलं की कमी होतो, सुरुवातीला एकाच बाजूला असतो. दोन्ही हात, आणि कप किंवा पेन धरल्यावर, तर दुसरीही कारणं असतात, त्यात अक्षर बारीक न होता मोठं आणि वाकडंतिकडं होतं. तरी एकदा दाखवून घ्या. धाग्यावर निदान करून घेऊ नका.

चिवडा_प्रेमी

कप धरल्यावर, दोन्ही. आणि बहुधा तिसऱ्या चहाला. कळलं मला.

देवळालीचा_वाटाड्या

गोळ्यांच्या मागे कशाला लागता? आपल्याकडे कंपवात म्हणून याचं वर्णन आहे, आणि खाजकुयलीच्या बिया त्यावर दिल्या जातात. त्यात नैसर्गिक लेव्होडोपा (तुमच्या गोळीतलं मुख्य द्रव्य) असतो. पावडर मिळते. साइड इफेक्ट शून्य.

मेनरोड_केमिस्ट

कुयलीत लेव्होडोपा असतो हे खरं आहे. म्हणूनच 'साइड इफेक्ट शून्य' हे खोटं आहे. जे द्रव्य गोळीत, तेच पावडरीत, फक्त चमच्यात किती आलं ते कुणाला माहीत नाही. गोळी चालू असताना वरून पावडर घेतली तर डोस दुप्पट होऊ शकतो. मळमळ, बीपी उतरणं, भास होणं. शिवाय गोळीत कार्बिडोपा मिसळलेला असतो, त्याने लेव्होडोपा वाटेतच न संपता मेंदूपर्यंत पोचतो आणि मळमळही कमी होते. पावडरीत तो नाही.

देवळालीचा_वाटाड्या

दुकानदार गोळीच विकणार.

मेनरोड_केमिस्ट

पावडरही विकतो मी. नफा जास्त आहे तिच्यात.

संपादक

वाद इथेच थांबवा. आयुर्वेदिक किंवा कोणतंही औषध घ्यायचं असल्यास आपल्या न्यूरॉलॉजिस्टला सांगून घ्या. धागा रोजच्या कामांबद्दल आहे.

नाशिकरोडकर

सगळे 'काम करू द्या, करू द्या' म्हणताय म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. माझ्या आईला करू दिलं. कढईतलं तेल गाळताना हात अडला आणि मनगट भाजलं. नंतर महिनाभर ड्रेसिंग, आणि त्या महिन्यात चालणं-फिरणं बंद झाल्यामुळे ती जितकी खचली तितकी आजाराने नव्हती खचली. स्वावलंबन वगैरे ऐकायला छान आहे. ज्याला रात्री दवाखान्यात न्यावं लागतं त्याला विचारा. सून बिचारी ऑफिसला गेल्यावर घरात कोण आहे? मुलं 'करू नको' म्हणतात ते प्रेमानेच म्हणतात.

ओझर_निवृत्त

दादा, तुमचं चुकीचं नाही. तळण बंदच हवं. कुकरही मी उचलत नाही. पण 'तळू नको' आणि 'काही करू नको' यात फरक आहे. मला विचाराल तर आजाराने जेवढं नेलं त्याहून जास्त कौतुकाने नेलं. माझी मुलगी आली की माझ्या बटणाला हात घालते. पाच मिनिटांत मी लावलं असतं. तिच्याकडे पाच मिनिटं नसतात, माझ्याकडे तेवढीच असतात.

जुना_पंचवटीकर

+१

नाशिकरोडकर

पाच मिनिटांचं पटलं. तरी घरात एकटं असताना गॅस नको, यावर मी ठाम आहे. इंडक्शन घ्या, आपोआप बंद होणारं.

सातपूर_दुसरीपाळी

पहिल्यांदाच लिहितोय. वय ४४. सीएनसी (संगणकावर चालणारं कारखान्यातलं मशिन) ऑपरेटर. म्हाताऱ्यांचा आजार समजून कुणीच शंका घेतली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, पन्नाशीच्या आतही होतो.

घरच्यापेक्षा कामावर जास्त अडतं. कॅलिपर (मापं घ्यायचं साधन) उजव्या हाताने धरला की रीडिंग घेईपर्यंत बोटं सैल पडतात. पॅनलवर एकच बटण दोनदा दाबलं जातं. गोळी काम करत असते तेव्हा कुणाला संशय येत नाही, उतार सुरू झाला की मी टॉयलेटला जाऊन बसतो. सुपरवायझर म्हणतो, 'हल्ली तोंड पाडून असतोस, घरी काही झालंय का?' तोंड पाडलेलं नाही, ते तसंच राहतं. कंपनीत सांगितलेलं नाही अजून. बायको म्हणते सांग. मोबाइलवर यूपीआयचा पिन चुकतो म्हणून हल्ली रोख घेऊन फिरतो, हे लिहायला पण वेळ लागलाय.

इंदिरानगरची_सून

दादा, घाई नाही. लिहीत राहा.

फिजिओ_कॉलेजरोड

सातपूरचे दादा, बोलून टाइप करायची सोय फोनमध्ये असते, माइकचं चिन्ह दाबा. पैसे पाठवायला बोटाच्या ठशाची सोय असेल तर तीही सुरू करून घ्या. कामाचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या यादीत पार्किन्सन्स आहे. प्रमाणपत्राचे बहुतेक लाभ ४० टक्क्यांच्या पुढे मिळतात, सुरुवातीच्या टप्प्यात तेवढे भरतीलच असं नाही. पण कंपनीशी बोलायची वेळ आली तर हा आधार माहीत असावा. पाळी बदलून घेणं, मोजणीऐवजी प्रोग्रॅमिंगकडे जाणं, असं काही मागता येतं का पाहा. सांगायचं कधी ते तुम्हीच ठरवा. मशिनपाशी हात अडकायचा धोका असेल तर मात्र उशीर करू नका.

ओझर_निवृत्त

दादा, गोळीच्या वेळा लिहून ठेवता का? कधी चांगलं, कधी उतार, एवढं आठवडाभर लिहून डॉक्टरला दाखवा. वेळा पुढे-मागे करून बराच फरक पडतो. माझा पडला.

सातपूर_दुसरीपाळी

जेवणाच्या सुट्टीत डब्याबरोबरच घेतो गोळी.

मेनरोड_केमिस्ट

डब्यात डाळ, उसळ, अंडं असेल तर तिथेच गडबड असू शकते. प्रथिनं आणि लेव्होडोपा एकाच वाटेने आत शिरतात, काहींच्या बाबतीत गोळीचा असर त्यामुळे उशिरा येतो. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, असं साधारण सांगतात. रिकाम्या पोटी मळमळलं तर साधं बिस्कीट चालतं. लोहाची गोळी एकत्र नको. बदल डॉक्टरांना विचारून.

आणि एक, प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल (याच आजारावरची दुसरी औषधं) चालू असेल तर घरच्यांना सांगून ठेवा. काही जणांना त्याने जुगार, खरेदी, खाणं यांचा अनावर नाद लागतो. सुटत नसेल तर स्वभाव समजून भांडत बसू नका, डॉक्टरला सांगा.

चिवडा_प्रेमी

आमच्या हिला कुठलीच गोळी नाही, तरी येवल्याला गेलो की दोन पैठण्या. यावर उपाय?

जुना_पंचवटीकर

येवल्याला जाऊ नका.

सायकलवेडा_नाशिक

नाशकात धागा आणि सायकल नाही असं कसं चालेल. बास ब्लूम नावाच्या डच डॉक्टरांनी २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका पेशंटचा व्हिडिओ दिला होता. त्या माणसाला चार पावलं धड टाकता येत नव्हती, पाय जमिनीला चिकटायचे. सायकलवर बसवलं तर झक्क चालवत निघाला, वळून परतही आला. उतरला की पुन्हा चिकटला. आमच्या ग्रुपमध्येही एक काका आहेत, गंगापूर धरणापर्यंत येतात. चढावर आमच्या पुढे, चहाच्या टपरीवर कप धरताना मात्र दोन हात.

नाशिकरोडकर

वाहतुकीत सायकल? द्वारका चौकात? अहो, तिथे धडधाकट माणूस ओलांडू शकत नाही.

सायकलवेडा_नाशिक

घरातली स्थिर सायकल चालते हो. मुद्दा पेडल मारण्याचा.

मिसळीचा_शौकीन

मंडळी, गंभीर धाग्यात येतोय, पण मिसळ कशी खायची? वडिलांना दर रविवारी मिसळ लागते. चमचा तोंडापर्यंत जाईतो तर्री शर्टावर. लाज वाटते म्हणून हॉटेलात यायचं बंद केलंय त्यांनी.

ओझर_निवृत्त

जड चमचा घ्या, स्टीलचा, जाड दांड्याचा, खोलगट. घरून खिशात नेतो मी. वाटी काठोकाठ भरून आणायची नाही, अर्धी अर्धी दोनदा मागवायची. कोपर टेबलावर टेकवायचं. कोपऱ्यातलं, भिंतीकडे तोंड असलेलं टेबल. आणि गडद रंगाचा शर्ट. तर्रीला तोडच नाही.

चिवडा_प्रेमी

काळ्या रश्श्याची की लाल? आणि कुठली?

संपादक

'कुठली मिसळ' हा विषय या धाग्यावर निघणार नाही. मागच्या वेळी दोन सदस्यत्वं गेली आहेत.

पुण्याहून_नाशकात

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट आणि घरच्यांचं. ११ एप्रिलला, जेम्स पार्किन्सनच्या जन्मदिवशी, जागतिक पार्किन्सन्स दिन असतो, त्यासुमारास त्यांचा मेळावा भरतो. तिथे पेशंट गाणी म्हणतात, भांडतात, टिंगल करतात. मी आईला घेऊन गेले होते. 'माझ्यासारखं दुसरं कुणीतरी आहे' एवढं बघून ती परतताना गाडीत जास्त बोलली. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांचं एक छोटं भाषणही शोधून बघा. घरातल्या पेशंटचं सपाटीवर अडायचं, जिना मात्र ते सहज चढत-उतरत, हे पाहून त्यांनी जमिनीवर पायऱ्यांचं चित्र काढलं. त्यावरून चालणं जमलं. चहा न सांडणारा कपही त्यांनी केला.

अवांतर : त्या पार्किन्सनने १८१७ मध्ये सहा रुग्णांवर लिहिलं, त्यातले काही तर त्याने लंडनच्या रस्त्यावर नुसते जाताना पाहिलेले. नुसत्या चालीवरून ओळखलेले.

निफाडचा_बागायतदार

आमच्या ओट्यावरच्या पोरांनी दादांची चाल कधीच ओळखली होती. नक्कल करायची. आता दादाच त्यांना 'चला, माझ्याबरोबर चाला' म्हणतात आणि शाळेपर्यंत पळवतात.

गोदाकाठचा_वारा

'रात्री लिहितो' म्हटल्याला आठवडा झाला, माफी.

बाबांच्या बाबतीत सगळ्यात आधी आवाज गेला. किराणा दुकान होतं, गल्लीच्या टोकाशी हाक पोचायची. आता समोर बसून बोलले तरी 'काय?' म्हणावं लागतं, आणि ते म्हणतात, 'मी ओरडूनच बोलतोय, तुझे कान बघ.' त्यांना स्वतःला आवाज पुरेसाच वाटतो. फोनवर तर लोक ठेवूनच देतात. स्पीच थेरपिस्टने रोज मोठ्याने वाचायला सांगितलंय. ते पेपरमधल्या मृत्यूच्या जाहिराती मोठ्याने वाचतात. आई वैतागलीय, पण आवाज सुधारलाय.

रात्रीचं कुणी लिहिलं नाही म्हणून : कूस बदलणं. जाड गादी आणि सुती चादर यात माणूस रुतून बसतो. कमरेखाली एक साटीनचा तुकडा टाकला, त्यावर घसरत वळता येतं. उठताना सरळ नाही, कुशीवर होऊन पाय खाली सोडायचे, मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. एकदम उठलं की बीपी उतरून चक्कर येते.

स्कूटरवरून घरात महाभारत झालं. ब्रेकवरचा हात मंद हे कळत होतं, पण किल्ली कोण मागणार? शेवटी डॉक्टरांनाच सांगायला लावलं, मुलाने सांगितलेलं बापाला रुचत नाही. आता रिक्षावाला ठरलाय, आणि तो त्यांच्याशी मोठ्याने बोलतो, तो एक फायदा.

आणि ताई, मूळ प्रश्नाकडे यायचं तर कामांची यादी तुम्ही आणि यजमान मिळून करू नका. आईंना करू द्या. बाबांनी स्वतः लिहून दिलं होतं, हे करीन, हे करणार नाही, यात हाक मारीन. अक्षर लावायला दुपार गेली, पण भांडण मिटलं.

इंदिरानगरची_सून

सगळे प्रतिसाद आईंना वाचून दाखवले. मिसळीवाला दोनदा वाचायला लावला.

यादी त्यांनी केली. बोलून, मी लिहिली. कणीक त्या मळणार, लाटणारही त्याच, पण सकाळच्याच आणि गोळीनंतर. भाजणार मी किंवा हे (यांना पोळी भाजता येत नाही, शिकतील). तळण नाही. आम्ही बाहेर असताना गॅस नाही, इंडक्शन येतंय. नाशिकरोडकरांचा हा मुद्दा त्यांनी स्वतःच उचलला. वासाची परीक्षा घेतली, डोळे मिटून कॉफी आणि हिंग. कॉफी ओळखली नाही. अलार्म मागवलाय. पुढून हुकवाले दोन ब्लाउज शिवायला टाकलेत. स्वयंपाकाला बाई लावणार नाही, पण फरशीला लावायची, असं त्यांनीच सुचवलं, 'फरशी पुसायची हौस मला कधीच नव्हती' म्हणाल्या.

एकच राहिलं. नातेवाइकांना सांगायचं नाही म्हणतात. हळदीकुंकवाला वाण देताना हात थांबला तर लोक काय म्हणतील, म्हणून या वर्षी करायचंच नाही म्हणतात.

जुना_पंचवटीकर

वाण ताटात मांडून ठेवा, बायका उचलून घेतील. आमच्याकडे तसंच करतात, आजार नसतानाही.

सातपूर_दुसरीपाळी

मी काल सुपरवायझरला सांगितलं. 'आधी का नाही बोललास' म्हणाला. पुढचं बघू. आईंना जमेल तेव्हा सांगू द्या.

ओझर_निवृत्त

रविवारी सकाळी आम्ही काही जण कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालतो. सगळे याच बिरादरीतले, एक रिटायर्ड मुख्याध्यापिकाही आहेत. आईंना आणा. सातपूरचे दादा, तुम्हीही या, पाळी नसेल तर.

इंदिरानगरची_सून

आई हो म्हणाल्या. त्या मुख्याध्यापिका कुठल्या शाळेच्या, हे आधी विचारतायत. किती वाजता यायचं? सहा?

ओझर_निवृत्त

सात. सहाला गोळी घेतो, पाय सुरू व्हायला पाऊण तास लागतो.